भटका, मोकाट की गल्लीतला?

ज्ञानेश्वरीच्या काळातल्या मराठीत कुत्र्याला ‘सुणें’ म्हणत. संस्कृत शुनक, प्राकृत सुणअ या वाटेने आलेला हा शब्द गोव्याच्या कोकणीत अजून रोजच्या बोलण्यात आहे. आपल्याकडे प्राकृत ‘कुत्त’ टिकला : मराठी कुत्रा, गुजराती कूतरो, हिंदी कुत्ता. संस्कृत ‘श्वन्’ श्वानपथक, श्वानदंश अशा कागदी शब्दांत राहिला.

त्याच श्वन्‌चा भाऊबंद मुंबईत पारशांबरोबर आला, फारसी ‘सग’. अंत्यविधीत मृतदेहावर कुत्र्याची नजर पाडतात, तो ‘सगदीद’. त्यामुळे १८३२ मध्ये पोलिसांनी रस्त्यावरची कुत्री मारायला घेतली, तेव्हा कोटातल्या, म्हणजे फोर्टातल्या, पारशांनी दंगा केला.

आजचा खरा वाद नामाचा नाही, विशेषणाचा आहे. ‘मोकाट’ हा गुराढोरांचा शब्द. मालकाने सोडून दिलेलं ते मोकाट, म्हणजे मालक कुठेतरी आहे. ‘भटका’ म्हणजे ज्याला ठावठिकाणा नाही तो. मला हा शब्द साफ चुकीचा वाटतो. गिरगावातल्या कुठल्याही चाळीत बघा : जिन्याखाली झोपणारा मोत्या वर्षानुवर्षं तिथेच असतो. नाक्यापलीकडचा कुत्रा आला की दोघांची शीव कुठे आहे, ते भुंकण्यावरून कळतं. पोरं ‘यू यू’ करून त्याला बोलावतात, तळमजल्यावरची आजी ‘हाड’ म्हणते आणि संध्याकाळी पोळीही तीच टाकते. हा भटका कसा?

शब्दाने फरक पडतो. भटक्या कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणासाठी केलेल्या २००१ च्या केंद्रीय नियमांनी नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रा जिथून उचलला तिथेच सोडायला सांगितलं. ज्याला जागाच नाही, त्याला ‘तिथेच’ कुठे सोडणार? २०२३ च्या नियमांत ‘सामुदायिक प्राणी’ आले. गल्लीचा कुत्रा हे गल्लीला आधीच ठाऊक होतं. चावा आणि रेबीजची भीती खरी आहे, लहान मुलांच्या आईबापांना ती जास्त. पण नसबंदीची खूण म्हणून कानाला खाच असलेला, लस टोचलेला कुत्रा आणि कालच कुणीतरी सोडून दिलेला कुत्रा, दोघांना बातम्यांत एकच ‘भटका’ लावला जातो.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितली आणि अकराच दिवसांत, पिसाळलेली व आक्रमक वगळून, नसबंदी-लसीकरणानंतर मूळ जागी सोडा असा बदल केला. नोव्हेंबरमध्ये शाळा, इस्पितळं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातून उचललेली कुत्री तिथे परत सोडू नका, असा आदेश आला. शाळेच्या फाटकाशी वाढलेल्या कुत्र्याची जागा त्या दिवसापासून गेली.