स्लाफकोव्स्की की राईट? मॉन्ट्रियलच्या पहिल्या निवडीची पार्श्वभूमी

शेन राईटला सोडून युराय स्लाफकोव्स्कीला का घेतलं, हा प्रश्न कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या आइस हॉकी चाहत्यांत अजूनही निघतो. संघ चार सामने हरला की निघतो, आणि स्लाफकोव्स्कीने सलग तीन सामन्यांत गोल केले की उलट बाजूने निघतो. २०२२ च्या त्या एका निवडीभोवती इतकं का साचलं, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगच्या ड्राफ्टमध्ये संघ पाळीपाळीने नवे तरुण खेळाडू निवडतात. त्याची सुरुवातच या शहरातली. १९६३ साली इथल्याच एका हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला, त्यात २१ पोरं निवडली गेली. पहिली निवड मॉन्ट्रियलची होती आणि मुलगा होता १६ वर्षांचा. त्याआधी संघ ज्युनिअर क्लबांना पैसा पुरवून खेळाडू लहानपणीच बांधून घेत. मॉन्ट्रियल ज्या प्रांतात आहे त्या क्यूबेकमधला प्रत्येक गुणी मुलगा संघाला आपोआप मिळायचा, असं आजही सांगितलं जातं. ड्राफ्टमध्ये इतरांच्या आधी निवडायची मॉन्ट्रियलची सवलत प्रत्यक्षात दोन फ्रेंच-कॅनेडियन खेळाडूंपुरती होती. १९६९ मध्ये पहिल्या दोन्ही निवडी संघाने तशाच घेतल्या आणि पुढच्याच वर्षी क्यूबेकचा सर्वात मोठा गुणी खेळाडू बफेलोकडे गेला. सवलत संपली, पण ‘आपला मुलगा आपल्याकडेच यायला हवा’ ही अपेक्षा काही गेली नाही.

तिचा पहिला मोठा फटका १९८० मध्ये बसला. ड्राफ्ट पहिल्यांदाच प्रेक्षकांसाठी खुला होता आणि भरला होता मॉन्ट्रियलच्याच फोरम स्टेडियममध्ये. संघाने पहिल्या क्रमांकावर डग विकेनहायझरला घेतलं. ज्युनिअर हॉकीत नुकतेच ८९ गोल केलेला धिप्पाड सेंटर, म्हणजे मधून चढाई करणारा खेळाडू. त्या दिवशी त्यात वावगं काही नव्हतं. डेनिस साव्हार हा मॉन्ट्रियलमध्येच वाढलेला चपळ सेंटर तिसऱ्या क्रमांकावर शिकागोला मिळाला. साव्हारने कारकिर्दीत १,३३८ पॉइंट केले (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून). विकेनहायझरला १९८३ च्या डिसेंबरात सेंट लुईसला देऊन टाकलं. त्या पोराच्या वाट्याला जी टीका आली ती निवडणाऱ्यांच्या वाट्याला यायला हवी होती, पण बर्फावर उतरून हुर्यो ऐकायची ती खेळाडूनेच.

त्यानंतर थेट २०२२. संघ ३२ संघांत तळाला राहिला, पहिली निवड कुणाची हे ठरवणारी लॉटरीही लागली आणि ४२ वर्षांनी पहिली निवड हातात आली, तीही घरच्या बेल सेंटर स्टेडियममध्ये. आयपीएलच्या लिलावात पैसा ओतून चूक झाकता येते. इथे एका फेरीत एकच नाव घ्यायचं असतं आणि मागचे संघ टपलेलेच असतात.

राईटचं नाव तीन वर्षं आधीच ठरल्यासारखं होतं. २०१९ मध्ये त्याला पंधराव्या वर्षीच ओंटारियोच्या ज्युनिअर लीगमध्ये खेळायची खास परवानगी मिळाली. पहिल्याच हंगामात ५८ सामन्यांत ३९ गोल. पुढचा हंगाम महामारीने गिळला. सगळा घोळ इथे आहे. २०२१ च्या अठरा वर्षांखालील जागतिक स्पर्धेत कॅनडाचा कर्णधार म्हणून त्याने पाच सामन्यांत १४ पॉइंट केले, मग ज्युनिअरमध्ये ६३ सामन्यांत ९४. आकडे कुणालाही हेवा वाटावा असे होते, तरी तरुण खेळाडू हेरणारी स्काउट मंडळी कुरकुरू लागली, कारण पंधराव्या वर्षीचा राईट पाहून त्यांनी जी रेघ मनात ओढली होती, तिथे तो पोचला नव्हता.

स्लाफकोव्स्कीचं उलट होतं. कोशित्सेचा, ६ फूट ४ इंच उंचीचा डावा विंगर, म्हणजे डाव्या कडेने चढाई करणारा. फिनलंडच्या लीगमध्ये मोठ्यांबरोबर ३१ सामने आणि जेमतेम १० पॉइंट. मग फेब्रुवारीत बीजिंग ऑलिंपिक: सतराव्या वर्षी सात सामन्यांत सात गोल, स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू, आणि स्लोव्हाकियाला हॉकीतलं पहिलं ऑलिंपिक पदक. त्या स्पर्धेत एनएचएलचे खेळाडू नव्हते, हे टीकाकार सांगायला विसरत नाहीत. मे महिन्यातल्या जागतिक स्पर्धेत त्याने आठ सामन्यांत नऊ पॉइंट केले, हे मात्र ते सोयीने गाळतात.

‘संघाला सेंटर हवा होता’ हा दुसरा आक्षेप. त्याच संध्याकाळी संघाने एक बचावपटू देऊन आणि मिळालेली तेरावी निवड फिरवून शिकागोचा २१ वर्षांचा सेंटर आणला होता. तो पुढे खेळापेक्षा दुखापतींसाठीच जास्त चर्चेत राहिला, ही गोष्ट वेगळी. पण गरज कुणाच्या ध्यानात नव्हती असं म्हणता येणार नाही. शिवाय राईटला नाकारणारं मॉन्ट्रियल एकटं नव्हतं. न्यू जर्सीने दुसरा स्लोव्हाक, बचावपटू नेमेट्स घेतला, ॲरिझोनाने लोगन कूली. राईट चौथ्या क्रमांकावर सिएटलकडे गेला. मंचावर जाताना त्याने मॉन्ट्रियलच्या टेबलाकडे रोखून पाहिलं की नुसतं पाहिलं, यावर लोकांनी आठवडा घालवला.

पहिला हिवाळा टीकाकारांचा होता. स्लाफकोव्स्की ३९ सामने, १० पॉइंट आणि जानेवारीत जायबंदी. राईटलाही सिएटलने आठच सामने दिले आणि ज्युनिअरमध्ये परत धाडलं, पण त्याने पहिला एनएचएल गोल ठोकला तो नेमका मॉन्ट्रियलविरुद्ध. ‘पुन्हा १९८०’ अशी ओरड झाली. अठरा वर्षांच्या मुलावर ३९ सामन्यांत शिक्का मारणं हा शुद्ध उतावळेपणा होता. दुसऱ्या हंगामात स्लाफकोव्स्कीला कर्णधाराच्या लाईनवर, म्हणजे चढाई करणाऱ्या तिकडीत, आणलं आणि ८२ सामन्यांत ५० पॉइंट झाले. १ जुलै २०२४ रोजी संघाने आठ वर्षांचा, ६ कोटी ८ लाख डॉलरचा करार केला. २०२४-२५ मध्ये त्याचे ५१ पॉइंट, राईटचे ४४.

या आकड्यांनी राईटचा मुद्दा मागे पडला, वाद नाही. त्याच हंगामात कूलीने युटाकडून (ॲरिझोनाचे खेळाडू २०२४ मध्ये तिथेच गेले) ६५ पॉइंट केले आणि आता तुलना त्याच्याशी सुरू झाली आहे. ड्राफ्टच्या दिवशी पहिल्या निवडीसाठी त्याचं नाव राईटइतक्या जोरात कुणी घेत नव्हतं.