लाकडी ओट्यावरील डाग व भाजल्याच्या खुणा

ओक, बीच, मेपल, अक्रोड, इरोको अशा लाकडांच्या पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवून केलेल्या स्वयंपाकाच्या ओट्यावरचे डाग काढण्याची आणि भाजलेला भाग दुरुस्त करण्याची रीत. असे ओटे ब्रिटन, जर्मनी आणि उत्तर युरोपातल्या घरांत बरेच आढळतात. जाडी साधारण २७ ते ४० मिमी. महाराष्ट्रातला ओटा कडाप्प्याचा नाहीतर ग्रॅनाइटचा. त्यावर गॅसवरून उतरवलेला कुकर थेट टेकवला तरी फारसे बिघडत नाही. तीच सवय परदेशातल्या लाकडी ओट्यावर महागात पडते.

काळा डाग दिसला की तो भाजल्याचाच, असे धरून लगेच घासायला घेणे ही नेहमीची चूक. ओकमध्ये टॅनिन (लाकडातले तुरट द्रव्य) भरपूर असते. ओला बिडाचा तवा रात्रभर ओट्यावर राहिला तर लोह, पाणी आणि टॅनिन यांच्या संयोगाने निळसर काळे वर्तुळ उमटते. हिरड्याच्या काढ्यात लोखंड पडले की जी शाई होते, तीच ही. ती तंतूंत खोल मुरते, त्यामुळे घासून घासून ओट्याला खड्डा पडतो आणि डाग तसाच राहतो. ओळखायला सोपे आहे : तेलाचा थर पॉलिश पेपरने किंचित उघडा करून लिंबाच्या रसाचा थेंब टाकावा. १०-१५ मिनिटांत रंग फिकटला तर डाग लोखंडाचा. भाजलेला भाग लिंबाला दाद देत नाही. सुईने टोकरल्यावर त्याचा काळा भुगा निघतो.

लोखंडाच्या डागावर ऑक्झॅलिक आम्ल चालते. प्लॅस्टिकच्या भांड्यात १ लिटर गरम पाण्यात सुमारे ५० ग्रॅम विरघळवून ते ब्रशने लावावे. नुसत्या डागावर लावले तर तिथे फिकट ठिपका उठून दिसतो, म्हणून पूर्ण पट्टी ओली करावी. अर्ध्या तासाने पुसून, गरज पडल्यास पुन्हा लावावे आणि शेवटी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवावे. आम्ल विषारी आहे : हातमोजे, चष्मा हवाच. न धुता वाळलेल्या पृष्ठभागावर सँडर (घासण्याचे यंत्र) फिरवला तर आम्लाचे कण नाका-डोळ्यांत जातात. ओकवर तारेची घासणी तर वापरूच नये. तिचे तुटलेले कण गंजून नवे काळे ठिपके पडतात. नळाभोवतीचा काळेपणा काढण्यापूर्वी गळती आणि फाटलेले सिलिकॉन आधी दुरुस्त करावे, नाहीतर महिन्याभरात डाग परत हजर.

भाजलेल्या जागी कोळसा झालेला थर पूर्ण काढावा लागतो. तो ठिसूळ असल्याने त्यावर ना गोंद धरतो ना तेल. धारदार पटाशी उभी धरून रेषेच्या, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या, दिशेने खरवडावे. तपकिरी झाक राहिली तर ती पेपरने जाते. पेपर ८० नंबरपासून १२०, १५०, १८० असा चढवावा. मधला नंबर गाळला तर ८०चे ओरखडे तेल लावल्यावर उठून दिसतात. नुसत्या डागावर घासल्यास बशीसारखा खळगा पडतो आणि खिडकीतून तिरपा उजेड आला की तो लगेच कळतो. म्हणून पट्टीच्या एका सांध्यापासून दुसऱ्या सांध्यापर्यंत घासत जावे. पट्ट्यांचे रंग मुळातच वेगवेगळे असतात, त्यामुळे सांध्यापाशी फरक लपतो.

कोळसा ३ मिमीपेक्षा खोल गेला असेल तर घासणे पुरत नाही. लहान खड्ड्यात त्याच लाकडाचा बारीक भुसा एपॉक्सीत (दोन भाग मिसळून वापरायचा गोंद) कालवून भरतात, पण तेल लावल्यावर ती जागा जरा गडद दिसते. मोठ्या खड्ड्याला तुकडा बसवणेच बरे. सिंकसाठी कापलेला भाग कोणी जपून ठेवला असेल तर उत्तम. दोन्ही टोके निमुळती असलेला तुकडा रेषेला रेष जुळवून कापावा, कारण रेषेला आडवा जाणारा सांधा लांबून दिसतो. खाच पटाशीने तुकड्याच्या मापाने कोरून पाण्याला टिकणारा गोंद लावावा, वजन ठेवून २४ तास थांबावे. तुकडा १ मिमी वर राहू द्यावा आणि नंतर रंध्याने सपाट करावा.

दबलेला खळगा, तंतू तुटलेले नसतील तर, ओले फडके ठेवून वरून गरम इस्त्री काही सेकंद टेकवली की फुगून वर येतो. हळदीचा डाग साबणाने लालसर होतो. घाबरण्याचे कारण नाही, तो साबणातल्या अल्कलीचा परिणाम. धुऊन उन्हाला येऊ दिला तर तो आपोआप उडत जातो.

शेवटी ओल्या फडक्याने ओटा पुसून वाळवावा, उभे राहिलेले तंतू १८०च्या पेपरने हलकेच काढावेत आणि जवसाचे (‘बॉइल्ड’ म्हणून विकत मिळणारे) किंवा टंग (टंग झाडाच्या बियांचे) तेल पातळ लावावे. २० मिनिटांनी उरलेले तेल कोरडे पुसावे, नाहीतर थर चिकट राहतो. एका दिवसाच्या अंतराने तीन-चार हात द्यावेत. शेंगदाण्याचे वा खोबरेल तेल लावू नये. ते वाळत नाही, खवट होते. जवसाच्या तेलाची फडकी मात्र चुरगळून कचऱ्यात टाकायची नाहीत. वाळताना ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून ती बाहेर मोकळी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावीत.