मुख्याध्यापकांचे नेतृत्व आणि माध्यमिक शाळेची परिणामकारकता

मुख्याध्यापकांच्या रोजच्या वागण्याचा शाळेतील अध्ययन-अध्यापनावर कसा परिणाम होतो, याचा विचार करणारा हा शैक्षणिक प्रशासनातील विषय आहे. मुलांची घरची परिस्थिती पाहता जितकी प्रगती अपेक्षित असते, त्याहून अधिक प्रगती घडवणारी शाळा येथे परिणामकारक मानली जाते.

मुलांच्या यशात शाळांमधील फरकांपेक्षा कुटुंबाच्या पार्श्वभूमीचा वाटा मोठा असतो, असा निष्कर्ष अमेरिकेत जेम्स कोलमन यांच्या 1966 च्या अहवालाने काढला. शाळेच्या हाती फारसे काही नाही, असाच त्याचा अर्थ अनेकांनी घेतला. रॉनल्ड एडमंड्स यांना तो मान्य नव्हता. गरीब वस्त्यांतील यशस्वी शाळा अभ्यासून त्यांनी 1979 मध्ये त्यांची समान लक्षणे मांडली; खंबीर नेतृत्व हे त्यांतील एक. त्याच वर्षी मायकेल रटर यांचा लंडनमधील 12 माध्यमिक शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सारख्या वस्त्यांतून मुले येऊनही या शाळांच्या हजेरीत, शिस्तीत आणि निकालात फरक पडत होता.

मुख्याध्यापक दहावीचा गणिताचा तास स्वतः घेत नसतील, तर त्यांचा प्रभाव मुलांपर्यंत पोहोचतो कसा? फिलिप हॅलिंजर आणि रोनाल्ड हेक यांनी 1980 ते 1995 या काळातील संशोधन तपासले. हा प्रभाव खरा, पण बहुतांशी अप्रत्यक्ष असतो, असे त्यांना आढळले. तो शिक्षकांमार्फत, शाळेच्या उद्दिष्टांमार्फत आणि तेथील वातावरणामार्फत झिरपतो. व्हिवियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. केवळ प्रेरणा आणि दूरदृष्टी देणाऱ्या नेतृत्वापेक्षा अध्यापनावर लक्ष ठेवणाऱ्या नेतृत्वाचा परिणाम त्यात तिप्पट-चौपट दिसला. सर्वांत प्रभावी ठरली ती एक साधी गोष्ट: शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणे आणि स्वतःही त्यांच्यासोबत शिकायला बसणे. या विषयातला हा सर्वांत मोलाचा निष्कर्ष म्हटला पाहिजे.

महाराष्ट्रात याला वाव देणारी साधने जुनीच आहेत. मुख्याध्यापक शिक्षकाच्या तासाला मागच्या बाकावर बसतात, टाचण (पाठाचे लेखी नियोजन) पाहतात आणि लॉगबुकात म्हणजे तासाच्या निरीक्षणाच्या वहीत शेरा लिहितात. शेरा ‘पाठ समाधानकारक’ एवढाच असला तर शिक्षकाच्या हाती काहीच पडत नाही. कोणता प्रश्न कोणाला विचारला, मागची रांग गप्प का राहिली, यावर दोघांचे बोलणे झाले, तर पुढचा तास बदलू शकतो. मात्र यू-डायस या सरकारी प्रणालीत भरायची शाळेची माहिती, शालार्थ या ऑनलाइन प्रणालीतील वेतन देयके, संचमान्यता (पटानुसार शिक्षकांच्या पदांची मंजुरी), पोषण आहाराच्या नोंदी यांतून त्यासाठी वेळ काढणे अवघड जाते. खाजगी शाळांत 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीनुसार हे पद सामान्यतः पात्र शिक्षकांतील सर्वांत ज्येष्ठाकडे जाते. त्यामुळे वशिलेबाजीला आळा बसतो, हा तिचा मोठा गुण. पण ज्येष्ठता म्हणजे नेतृत्वाची तयारी नव्हे. ती प्रशिक्षणाने करून घ्यावी लागते. अनेकांना हे पद निवृत्तीला थोडीच वर्षे उरली असताना मिळते, म्हणून ते प्रशिक्षण नेमणुकीच्या आधीच व्हायला हवे.

मोजमापातही अडचणी आहेत. बरेच अभ्यास शिक्षकांनी भरलेल्या प्रश्नावल्यांवर उभे असतात. त्यांतून दिसणाऱ्या सहसंबंधांतून, म्हणजे दोन गोष्टी एकत्र आढळतात एवढ्यावरून, चांगल्या नेतृत्वाने शाळा सुधारली, की चांगल्या शाळेमुळे मुख्याध्यापक चांगले वाटले, हे ठरत नाही. दहावीच्या निकालाचा टक्काही एकट्याने पुरत नाही. कच्च्या मुलांना नववीतच थोपवून किंवा 17 नंबरचा फॉर्म (खाजगीरीत्या परीक्षेला बसण्याचा अर्ज) भरायला लावून तो वाढवता येतो. म्हणून पाचवीत किंवा आठवीत आलेल्यांपैकी किती मुले दहावीपर्यंत टिकली, हेही त्याच्याशेजारी मांडावे लागते.