बेचाळिशीतला नवखा: सॅचेल पेज आणि क्लीव्हलँडचा १९४८ चा हंगाम

७ जुलै १९४८ रोजी क्लीव्हलँड इंडियन्स या अमेरिकन बेसबॉल संघानं सॅचेल पेज या कृष्णवर्णीय पिचरशी, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणाऱ्या खेळाडूशी, करार केला. त्याच दिवशी त्याला ४२ वर्षं पूर्ण झाली. या वयात बहुतेक पिचर निवृत्त होऊन बसलेले असतात. मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलच्या, दफ्तरात मात्र पेजची नोंद नवखा म्हणून झाली. पुढच्या तीन महिन्यांत त्यानं सहा सामने जिंकले आणि फक्त एक गमावला. नऊ डावांमागे त्यानं सरासरी २.४८ धावा दिल्या आणि संघ वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचं अजिंक्यपद, जिंकला. म्हातारपणीचा चमत्कार म्हणून हा हंगाम अजून सांगितला जातो. पण इतका मोठा पिचर बेचाळिशीपर्यंत होता कुठे, हा प्रश्न मला त्या चमत्कारापेक्षा मोठा वाटतो.

तो बाहेर होता, कारण आत यायला मज्जाव होता. मोझेस फ्लीटवूड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू १८८४ मध्ये टोलीडोकडून मेजर लीगमध्ये खेळला होता. पण १८८७ मध्ये इंटरनॅशनल लीग या दुय्यम लीगच्या मालकांनी नव्या कृष्णवर्णीय खेळाडूंशी करार न करण्याचं ठरवलं आणि हळूहळू सगळ्यांनीच तो कित्ता गिरवला. मेजर लीगमध्ये लेखी नियम असा कधी झाला नाही. ‘सभ्य गृहस्थांचा’ आपसातला समझोता होता, आणि तो साठ वर्षं टिकला. नियमच नाही म्हटल्यावर रद्द तरी काय करणार?

पेज १९०६ चा, अलाबामातल्या मोबील गावचा. पोरवयात स्टेशनवर प्रवाशांच्या पिशव्या उचलायचा, तिथून ‘सॅचेल’ (पिशवी) हे नाव चिकटलं. बाराव्या वर्षी त्याची रवानगी सुधारगृहात झाली आणि पिचिंगचं खरं शिक्षण तिथंच मिळालं. १९२६ पासून तो व्यावसायिक खेळू लागला: चॅटनूगा, बर्मिंगहॅम, पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स, पुढे कॅन्सस सिटी मोनार्क्स. रुब फॉस्टरनं १९२० मध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंची निग्रो नॅशनल लीग उभी केली होती. पण तिथल्या सामन्यांवर कुणाचंच पोट भरत नसे. म्हणून खेळाडू गावोगाव हिंडत आणि तिकीटविक्रीतला वाटा घेऊन मिळेल त्या संघाशी खेळत. कित्येक गावांत मैदानावर टाळ्या मिळत, पण मुक्कामाला हॉटेल मिळत नसे. पेज नॉर्थ डकोटातल्या बिस्मार्कच्या गोऱ्या-काळ्यांच्या मिश्र संघाकडून खेळला, आणि १९३७ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये हुकूमशहा त्रुहियोच्या नावाच्या संघाकडूनही.

मेजर लीगचा हंगाम संपला की गोरे तारे याच पेजसमोर प्रदर्शनी सामन्यांत उतरत. डिझी डीनसारखा त्या काळचा अव्वल पिचर त्याचे गोडवे गाई. थोडक्यात, तो काय ताकदीचा आहे हे मालकांना चांगलं ठाऊक होतं.

१९३८ मध्ये मेक्सिकोत त्याचा खांदा गेला. हात वर होईना. सगळ्यांनी त्याच्या नावावर फुली मारली, पण मोनार्क्सचे मालक जे. एल. विल्किन्सन यांनी त्याला आपल्या दुय्यम, फिरत्या संघात घेतलं, तेही नाव विकलं जाईल एवढ्याच हिशेबानं. तिथं हात परत आला. तोवर पेजचं सगळं भांडवल म्हणजे वेग. आता त्यात वळणारे चेंडू आणि नाना तऱ्हांच्या फेकी आल्या. क्लीव्हलँडला मिळाला तो हा दुसरा पेज.

‘हेझिटेशन पिच’ तर त्याची खासियत. डावा पाय पुढे टेकायचा, शरीर पुढे झुकायचं, आणि हात मात्र मागेच थबकायचा. फलंदाज बॅट फिरवून मोकळा झाला की मग चेंडू यायचा. मेजर लीगच्या दोन लीगांपैकी क्लीव्हलँड खेळत असलेल्या अमेरिकन लीगचे अध्यक्ष विल हॅरिज यांनी ही फेक बंद करून टाकली, यातच काय ते आलं.

१९४५ मध्ये ब्रुकलिन डॉजर्स संघाचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी हा मज्जाव मोडणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून निवडला तो जॅकी रॉबिन्सन. तरुण, शिकलेला, मोनार्क्समध्ये एकच हंगाम खेळलेला. पेजला ते लागलं, आणि पुढे त्यानं तसं बोलूनही दाखवलं. १९४७ मध्ये रॉबिन्सन मेजर लीगच्या मैदानात उतरला. त्याच जुलैत क्लीव्हलँडचे मालक बिल व्हेक यांनी लॅरी डोबीला घेतलं, आणि वर्षभरानं पेजला. अमेरिकन लीगमधला तो पहिला कृष्णवर्णीय पिचर.

‘स्पोर्टिंग न्यूज’ या क्रीडा साप्ताहिकाचे संपादक टेलर स्पिंक यांनी नाक मुरडलं: या वयाचा माणूस घेणं म्हणजे लीगचा दर्जा घालवणं, तो गोरा असता तर व्हेक यांनी ढुंकूनही पाहिलं नसतं. व्हेक यांचं उत्तर असं की, गोरा असता तर तो पंचवीस वर्षांपूर्वीच इथं असता. व्हेक पक्के जाहिरातबाज होते, गर्दीवर त्यांचा डोळा होताच. पण या वादात खरं बोलले ते तेच.

९ जुलैला पेज पहिल्यांदा माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, आला. पहिल्याच फलंदाजानं सिंगल मारली, म्हणजे फटका मारून पहिला बेस गाठला, तरी दोन डावांत त्यानं धाव दिली नाही. मग ऑगस्टमध्ये सुरुवातीपासून पिचिंग करताना त्याला पाहायला क्लीव्हलँडमध्ये ७२,४३४ लोक आले, शिकागोत ५१,०१३, आणि पुन्हा क्लीव्हलँडमध्ये ७८,३८२. तीन सामन्यांत दोन लाखांवर माणसं! शिकागो व्हाइट सॉक्सविरुद्धच्या शेवटच्या दोन्ही सामन्यांत त्यानं एकही धाव दिली नाही. त्या साली क्लीव्हलँड आणि बॉस्टन रेड सॉक्स बरोबरीत राहिले आणि फैसला एका जादा सामन्यावर गेला. असल्या हंगामात पेजचे सहा विजय वगळले तर वर्ल्ड सिरीज कुठली?

त्या सिरीजमध्ये मात्र त्याला जेमतेम दोन फलंदाज बाद करण्यापुरतं वापरलं गेलं. १९४९ नंतर व्हेक यांनी संघ विकला आणि पेजलाही निरोप मिळाला. पुढे व्हेक यांनी सेंट लुइस ब्राउन्स घेतल्यावर त्यांनी त्याला पुन्हा बोलावलं; १९५२ मध्ये, ४६ व्या वर्षी, तो लीगच्या निवडक ताऱ्यांच्या ऑल-स्टार संघात होता. १९६५ मध्ये कॅन्सस सिटी अ‍ॅथलेटिक्सनं गर्दी खेचण्यासाठी त्याला ५९ व्या वर्षी एका सामन्यापुरतं उतरवलं. बुलपेनमध्ये (पिचर सराव करतात त्या जागी) झुलती खुर्ची आणि दिमतीला नर्स, असा सगळा तमाशा. पेजनं तीन डावांत एकच हिट, म्हणजे फलंदाजाला बेस गाठून देणारा फटका, दिली.

इतकं होऊन निवृत्तिवेतनाच्या वेळी त्याची सेवा मोजली गेली ती १९४८ पासूनची. आधीची बावीस वर्षं त्या हिशेबात नव्हती, आणि पात्रतेला १५८ दिवस कमी पडत होते. शेवटी १९६८ मध्ये अटलांटा ब्रेव्हजनं त्याला करारावर घेतलं, ते हे दिवस भरून निघावेत म्हणून.