ग्रामीण इंग्लंडमधील पाद्री आणि जमीनदार समाज

अठराव्या शतकातील इंग्लंडच्या खेड्यांत चर्च ऑफ इंग्लंडच्या पाद्र्याला जेंट्रीच्या, म्हणजे प्रतिष्ठित जमीनदारांच्या, पंगतीला स्थान होते. वडिलोपार्जित इस्टेट त्याच्याजवळ सहसा नसे. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजची पदवी, बरे घराणे आणि पॅरिशचे, म्हणजे त्याच्या चर्चच्या हद्दीतील गावाचे, उत्पन्न एवढ्यावर त्याचा मान चाले. आणि यांतले उत्पन्न हाती येणे बहुधा दुसऱ्याच्या मर्जीवर असे.

पॅरिशवर पाद्री सुचवण्याचा हक्क ही कायद्याने मालमत्ता होती. राजा, बिशप, विद्यापीठांतील कॉलेजे यांच्याकडे असे हक्क होतेच, पण सुमारे निम्मे खाजगी मालकांच्या हाती होते. इस्टेट थोरल्या मुलाला मिळे, म्हणून धाकट्याची सोय घरच्या पॅरिशवर लावून देत. हक्क विकतही घेता येई. जागा रिकामी झाल्यावर ती विकणे मात्र निषिद्ध होते, त्यामुळे सौदा आधीचा पाद्री हयात असतानाच उरकावा लागे. विक्रीच्या जाहिरातींत त्याचे वय दिलेले असे. म्हातारा जितका थकलेला, तितका भाव चांगला! एकदा नेमणूक झाली की मात्र ती तहहयात. नेमणाऱ्यालाही पाद्र्याला सहजी हुसकावता येत नसे.

पाद्र्यांतही उतरंड होती. रेक्टरला पॅरिशमधील शेती-उत्पन्नाचा सगळा दशमांश, म्हणजे चर्चसाठी द्यावा लागणारा दहावा हिस्सा, मिळे. व्हिकरच्या वाट्याला साधारणपणे लहानसहान उत्पन्नाचाच दशमांश येई, धान्याचा मोठा वाटा दुसऱ्याच मालकाकडे जाई. क्युरेट हा तर पगारी बदली माणूस. निसर्गनिरीक्षणासाठी प्रसिद्ध झालेले गिल्बर्ट व्हाइट (१७२०–१७९३) सेलबोर्न गावी क्युरेटच राहिले. त्यांचे आजोबा तिथले व्हिकर होते, पण नेमणुकीचा हक्क ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजाचा आणि व्हाइट ओरिएल कॉलेजचे, म्हणून ती जागा त्यांना मिळाली नाही. तरी त्यांच्या सामाजिक प्रतिष्ठेला त्यामुळे बाध आला नाही, कारण घराणे आणि शिक्षण शाबूत होते.

हे जीवन जवळून दिसते ते जेम्स वुडफर्ड (१७४०–१८०३) यांच्या रोजनिशीत. नॉरफॉकमधील वेस्टन लाँगव्हिलचे हे रेक्टर गावचे जमीनदार कस्टन्स यांच्याकडे जेवायला जात आणि त्यांना आपल्याकडे बोलावत. वुडफर्ड यांची जागा ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजने दिलेली होती, कस्टन्सांनी नव्हे. या दोघांच्या मोकळ्या स्नेहामागे तेही एक कारण असावे. दर डिसेंबरात दशमांश भरायला आलेल्या शेतकऱ्यांना वुडफर्ड मेजवानी देत: उकडलेले मटण, भाजलेले गोमांस, प्लम पुडिंग आणि वर पंच, रम, बिअर. पैसे घेण्याच्या दिवशीच पोटभर खाऊ घालण्यात व्यवहारज्ञान होते. हेच रेक्टर चोरट्या मार्गाने आलेला चहा आणि जिनही खुशाल विकत घेत.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अनेक पाद्री मॅजिस्ट्रेट म्हणूनही बसू लागले. शिवाय सामायिक जमिनींना कुंपणे पडताना दशमांशाच्या बदल्यात पुष्कळांना जमीन मिळाली आणि ते खरोखरीचे जमीनदार झाले. रविवारी प्रवचन देणारा माणूस एरवी चोरून ससा मारणाऱ्या मजुराला शिक्षा ठोठावू लागला, तेव्हा गावकऱ्यांच्या नजरेत तो कोणत्या बाजूचा हे ठरून गेले. १८३० च्या मजुरांच्या उठावात याच सेलबोर्नमध्ये जमावाने व्हिकरला गाठून दशमांश कमी करण्याचे लेखी कबूल करून घेतले. पाद्र्याला कमी द्यावे लागले तर मजुरी वाढवता येईल, या हिशेबाने शेतकऱ्यांचीही जमावाला फूस होती.

पाद्र्याच्या कुटुंबाची स्थिती त्याच्या श्वासाशी बांधलेली होती. तो वारला की घर नव्या पाद्र्याचे. विधवा आणि मुलींनी बाहेर पडायचे. घराची पडझड झाली असेल तर दुरुस्तीचा खर्चही नवा पाद्री मृताच्या मालमत्तेतून मागू शके.

१८३६ च्या कायद्याने धान्याऐवजी रोख आकारणी आली व ती धान्याच्या भावाशी जोडली गेली. १८७० नंतर भाव कोसळले तसे पाद्र्यांचे उत्पन्नही घसरले. पुढच्या नेमणुकीची विक्री १८९८ मध्ये बंद झाली आणि दशमांशाची रोख आकारणी १९३६ मध्ये रद्द झाली.