गिअरचा दांडा: कटकटीची मजा कशी झाली

1911 साली रोल्स-रॉइसने आपली एक गाडी लंडनहून एडिंबराला नेली आणि परत आणली, तीही सगळा रस्ता टॉप गिअरमध्ये. कंपनीने त्याची भरपूर जाहिरात केली, कारण तेव्हा गिअर बदलावा न लागणं हीच खरी चैन होती. आज चाळिशी-पन्नाशीतली माणसं ऑटोमॅटिक परवडत असूनही मुद्दाम मॅन्युअल गाडी शोधतात, आणि वळणाआधी तिसऱ्यावरून दुसरा गिअर अलगद पडला की पोरासारखी खूश होतात. शंभर वर्षांत हे इतकं कसं उलटलं, ते गिअरबॉक्सच्या पोटात पाहिल्याशिवाय कळत नाही.

पुढे इंजिन, मग क्लच, मग गिअरबॉक्स आणि ताकद मागच्या चाकांना, ही मांडणी 1890च्या दशकाच्या सुरुवातीला पानार-लव्हासॉर या फ्रेंच कंपनीत एमिल लव्हासॉरने बसवली. तिच्यातले गिअर दांड्याने शाफ्टवर सरकवायचे आणि फिरत्या दातांत फिरते दात घुसवायचे. 1895च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत अशीच गाडी त्याने सुमारे 48 तास 48 मिनिटं जवळजवळ एकट्याने हाकली. लुई रेनोने 1899 साली ‘डायरेक्ट ड्राइव्ह’चं पेटंट घेतलं. त्यात टॉप गिअरला आत येणारा आणि बाहेर जाणारा शाफ्ट थेट जोडले जातात, दातांवर भार येत नाही. त्यामुळे टॉप शांत आणि बाकीचे गिअर कर्कश, असा फरक पडला. टॉप सोडायला लोक नाखूश असत, त्याचं निम्मं कारण हेच. उरलेलं निम्मं म्हणजे गिअर बदलण्याचे कष्ट.

ते कष्ट आकड्यांत पाहू. समजा तिसऱ्या गिअरचं प्रमाण (बाहेर जाणाऱ्या शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे) 1.4 आणि दुसऱ्याचं 2.1 आहे. तिसऱ्यात इंजिन मिनिटाला 2,000 फेरे घेत असेल, तर त्याच वेगाला दुसऱ्यात त्याला 3,000 घ्यावे लागतात. नुसता क्लच दाबून दांडा ओढला तर आतला शाफ्ट जुन्याच वेगाने फिरत असतो, दात जुळत नाहीत आणि दळण सुरू होतं. म्हणून डबल डीक्लच: क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, न्यूट्रलमध्येच रेस देऊन फेरे 3,000च्या थोडे वर न्या, पुन्हा क्लच दाबा, दुसरा टाका, क्लच सोडा. मधे क्लच सोडायचा तो इंजिनाने आतला शाफ्ट वेगात आणावा म्हणून. हीच पायरी लोक विसरत, आणि मग दिलेली रेस फुकट जाई. वरचा गिअर टाकताना उलट थांबायचं, फेरे आपोआप उतरू द्यायचे. घाई केली तरी खर्रर्र, फार रेंगाळलं तरी खर्रर्र. चढावर तर रेंगाळलं की गाडीचा वेगच मरायचा.

भरीला तेव्हाचे क्लच. पुष्कळ गाड्यांत कातडं लावलेला शंकूच्या आकाराचा क्लच असे. कातडं वाळलं की तो एकदम पकडायचा आणि गाडी उडी मारायची, तेव्हा त्याला तेल पाजायचं. तेल जास्त झालं की घसरायचा, तेव्हा वर मुलतानी मातीसारखी भुकटी टाकायची. 1908ची फोर्ड मॉडेल टी इतकी पसरली त्यामागे स्वस्ताईबरोबर हेही होतं, की तिच्यात सरकते गिअर नव्हतेच. ग्रहचक्रासारखी रचना होती, डावं पेडल पूर्ण दाबलं की लो, सोडलं की हाय, मधलं पेडल रिव्हर्सचं, उजवं ब्रेकचं आणि रेस स्टिअरिंगजवळच्या दांडीला. आजचा पट्टीचा चालकही तिच्यात बसला तर पहिल्या मिनिटात गोंधळेल.

कोंडी फुटली ती 1928 साली. अर्ल थॉम्पसनने काढलेली सिंक्रोमेश कॅडिलॅकमध्ये आली, सुरुवातीला फक्त दुसऱ्या आणि टॉप गिअरला. तत्त्व साधं आहे. गिअर अडकण्याआधी पितळी रिंग त्याच्या शंकूवर घासते आणि दोघांचा वेग एक करते. पुढच्या रचनांत ही रिंग वेग जुळेपर्यंत दांड्याची वाटही अडवू लागली. आजच्या गाडीत दांडा सावकाश ढकलून पाहा. मधे हाताला क्षणभर मऊ अडथळा लागतो आणि मग गिअर ‘टक्’ करून बसतो. तो अडथळा म्हणजे रिंग आपलं काम करत असते.

गंमत म्हणजे 1940च्या ओल्ड्समोबिलमध्ये आलेल्या हायड्रा-मॅटिक या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या कामाचं नेतृत्वही याच थॉम्पसनने केलं. एकाच माणसाने आधी गिअर बदलणं सोपं केलं आणि मग अनावश्यक. आमच्या मते हौस जन्मली ती या दोन शोधांच्या मधल्या फटीत. कष्टाचा भाग सिंक्रोने (सिंक्रोमेशने) काढून घेतला, सक्ती ऑटोमॅटिकने, आणि उरलं ते नुसतं कसब. सक्ती असताना कुणी त्याला मजा म्हटल्याचं फारसं दिसत नाही.

बऱ्याच वर्षांनी मॅन्युअलकडे परतणाऱ्याचा हात लवकर बसतो, घोळ करतो तो डावा पाय. ऑटोमॅटिकमध्ये तो नुसता बसून असतो, आणि क्लच समजून रुंद ब्रेक दाबला जाण्याचा धोका सुरुवातीला खरा असतो. मोकळ्या सपाट जागेत रेस अजिबात न देता क्लच मिलिमीटरने सोडत गाडी फक्त सरकवायची, आणि हे दहा-पंधरा वेळा करायचं. इंजिनाचा आवाज किंचित जड होतो, फेरे थोडे पडतात, गाडीचं नाक उचलल्यासारखं वाटतं, तीच क्लच पकडण्याची जागा. ती पायाला कळली की चढावर आधी हँडब्रेक, मग क्लच त्या जागेवर, जराशी रेस आणि हँडब्रेक खाली. हाफ क्लचवर गाडी तोलून धरणं दिसायला ऐटबाज असतं, पण क्लचची प्लेट तापते, जळका वास येतो आणि हळूहळू ती घसरू लागते. वरच्या गिअरमध्ये रेस दिल्यावर फेरे चढतात पण वेग चढत नाही, तेव्हा प्लेट संपत आली म्हणायची.

दांड्यावर हात ठेवून गाडी चालवण्याची ऐटही महाग पडते. हाताचं वजन गिअर सरकवणाऱ्या आतल्या फोर्कवर जातं आणि तो फिरत्या कड्याला घासत राहतो. सिंक्रो झिजते ती बहुधा दुसऱ्या गिअरची आधी, कारण तिथे वेगाचा फरक मोठा आणि वापरही सतत. थंडीत पहिले काही किलोमीटर गिअर जड पडले तर घाबरायचं कारण नाही, तेल घट्ट असतं. पण गरम झाल्यावरही दुसरा खरखरत असेल तर रिंग गेली असण्याचा संभव मोठा. तेल बदलताना जीएल-4 या दर्जाचं गिअर तेल सांगितलं असेल तिथे ‘भारी’ म्हणून जीएल-5 ओतू नये. त्यातल्या गंधकयुक्त रसायनांनी पितळ खराब होऊ शकतं. रिव्हर्सला अनेक गाड्यांत सिंक्रो नसते आणि दातही सरळ असतात. म्हणून मागे जाताना तो विशिष्ट किंऽऽ आवाज येतो, आणि म्हणूनच गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबून रिव्हर्स टाकायचा. तरी खरखरला तर आधी पहिला टाकून मग रिव्हर्स.

सगळ्यात महागडी चूक मात्र सिंक्रोच्या चांगुलपणामुळेच होते. जोरात असताना पाचव्यावरून चौथ्याऐवजी दुसरा ओढला गेला, तर जुना गिअरबॉक्स दात खाऊन नकार द्यायचा, नवा पुष्कळदा तो घेतो. क्लच सोडला की चाकंच इंजिनाला मर्यादेपलीकडे फिरवतात. तिथे रेव्ह लिमिटर, म्हणजे फेरे मर्यादेत ठेवणारी यंत्रणा, काही करू शकत नाही, तो फक्त इंधन तोडतो. व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळले की इंजिन गेलंच.

डबल डीक्लचची गरज संपली, तरी खाली येताना रेस जुळवणं टिकून आहे. पायाच्या पुढच्या भागाने ब्रेक धरून त्याच पायाच्या कडेने रेस द्यायची, म्हणजे क्लच सोडताना झटका बसत नाही आणि मागची चाकं वळणात डगमगत नाहीत. दुसऱ्यांदा गाडी शिकतोय असं वाटायला लावणारं हेच काम. 2009च्या निसान 370झेडमध्ये तेही संगणकाने उचललं. दांडा दुसऱ्याकडे गेला की गाडी स्वतःच रेस देते. बरेच जण ते बटण बंद ठेवतात. 2023ची ह्युंदाई आयोनिक 5 एन तर विजेवर चालते, तिला बदलायला गिअरच नाहीत. तरी स्टिअरिंगमागच्या पॅडलांवर ती आठ गिअरांचं सोंग करते. गिअर बदलल्याचा झटका देते, स्पीकरमधून आवाज काढते आणि वेळेत बदलला नाही तर खोट्या लिमिटरवर अडखळते. क्लचचं पेडल मात्र तिच्यात नाही, त्यामुळे सिग्नलला ती बंद पडत नाही.