मुतखड्यातून उभी राहिलेली शाखा

लघवीचे विकार आणि पुरुषाचं प्रजनन, दोन्ही पाहणारी वैद्यकाची शाखा म्हणजे यूरॉलॉजी. तिची सुरुवात मुतखड्यापासून होते. मूत्राशयातला खडा काढणं ही जगातल्या सर्वांत जुन्या शस्त्रक्रियांपैकी एक, आणि बदनामही. प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या शपथेत वैद्य म्हणतो, खड्यासाठी मी शस्त्र चालवणार नाही, ते काम करणाऱ्यांवर सोडीन. युरोपात पुढे कित्येक शतकं हे काम गावोगाव फिरणाऱ्या खडेकाढ्यांकडे राहिलं.

सुश्रुतसंहितेने मात्र ते टाळलं नाही. चिकित्सास्थानातल्या अश्मरीच्या (मुतखड्याच्या) अध्यायात स्पष्ट म्हटलंय: शस्त्रक्रिया न केल्यास मृत्यू निश्चित, केल्यास शंका, म्हणून राजाची परवानगी घेऊनच करावी. (आजचं संमतिपत्र तरी वेगळं काय असतं?) त्याहून मोलाचं आहे ते कुठे कापायचं नाही याचं वर्णन. शुक्रवह स्रोत, म्हणजे वीर्य वाहून नेणारी वाट, कापला गेला तर मरण किंवा क्लैब्य (नपुंसकत्व), मूत्रप्रसेकाला, म्हणजे लघवीच्या वाटेला, इजा झाली तर लघवी ठिबकत राहते. लघवीचा आणि प्रजननाचा डॉक्टर एकच का, याचं उत्तर इथेच आहे. पुरुषात वीर्य आणि लघवी शेवटी एकाच नळीतून बाहेर पडतात, आणि त्या नळीभोवती प्रोस्टेट ग्रंथी असते. एकाला हात लावायचा तर दुसऱ्याचं भान ठेवावंच लागतं.

ही शाखा वेगळी झाली ती पॅरिसमध्ये. 1824 साली झाँ सिव्हिएलने लघवीच्या वाटेनेच उपकरण आत घालून, कुठेही न कापता, खडा फोडला. 1877 मध्ये जर्मनीच्या माक्स निट्झेने दिव्याची दुर्बीण दाखवली, आणि मूत्राशयाचं आतलं दृश्य डोळ्यांना दिसू लागलं. 1941 मध्ये चार्ल्स हगिन्सने दाखवून दिलं, की प्रोस्टेटचा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर पोसतो. त्याला 1966 चं नोबेल मिळालं. 1980 मध्ये म्युनिकला शरीराबाहेरून लहरी सोडून मूत्रपिंडातला खडा फोडला गेला. ते यंत्र डॉर्निए या विमान बनवणाऱ्या कंपनीचं होतं.

आपल्याकडे यूरॉलॉजिस्ट म्हणजे पुरुषांचा डॉक्टर, हा समज अजून पक्का आहे. खोकताना-शिंकताना लघवी सुटणं, वारंवार होणारा संसर्ग, मुतखडा यांसाठी बायकांनीही त्याच्याकडेच जायला हरकत नाही. उलट मूल होत नाही म्हटलं, की पुष्कळ घरांत आधी बाईच्याच तपासण्या सुरू होतात. वृषणाच्या शिरा फुगणं, म्हणजे व्हेरिकोसील, हे पुरुषातल्या वंध्यत्वाचं नेहमी आढळणारं आणि बऱ्याचदा शस्त्रक्रियेने सुधारणारं कारण आहे. वीर्यतपासणी तर स्त्रीच्या कितीतरी तपासण्यांपेक्षा सोपी आणि स्वस्त.